विम्यापायी गेलेली आजी

आमच्या घरी म्हैस घ्यायची ठरलेली, तिच्याऐवजी माझा कॉम्प्युटर आला. त्यामुळे घरी त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणतच नाही. आई फोनवर विचारते, "म्हैस बरी हाय न्हवं?" आणि मीही सांगतो की बरी आहे, कालच धूळ काढली. मी ठाण्याला अ‍ॅनिमेशन शिकत होतो, राहायला डोंबिवलीत होतो. वडील साताऱ्याकडच्या आमच्या गावात दुधाचा धंदा करतात आणि गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचा विमा उतरवतात.

"बिल्ला मारला का?" असं ते दर फोनला विचारायचे. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात नंबरचा बिल्ला मारतात आणि तो दाखवल्याशिवाय कंपनी दमडी देत नाही. मी सांगायचो की कॉम्प्युटरला कान नसतो. "मग चोरीला गेल्यावर कंपनीला दाखवशील काय?" असं ते विचारायचे. शेवटी त्यांनी दम भरला, की दिवाळीपर्यंत सामानाचा विमा उतरवला नाहीस तर ते जनावर गावाकडं आणून सोड, माझ्या डोळ्यांसमोर तरी राहील.

विम्यातलं आपल्याला कळतं असं माझं मत होतं. माझी बरीच मतं तेव्हा अशीच होती. मी मोबाइलवर पॉलिस्या उघडल्या, तुलना करायला तक्ता केला आणि त्याला कुठले रंग द्यायचे यातच एक आठवडा घालवला. तक्ता झकास झाला. त्यातून कळलं ते इतकंच, की एका पॉलिसीत आग होती पण चोरी नव्हती. दुसरीत चोरी होती, पण कुलूप तोडून केलेली. चोर उघड्या दाराने सभ्यपणे आत आला तर कंपनीचा काही संबंध नाही. तिसरी सगळ्यात स्वस्त. तिच्यात भूकंप, दंगल, घरावर विमान पडणं, सगळं होतं, फक्त वरच्या मजल्यावरून पाणी गळलं तर नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा नळ मी ओळखून होतो. विमानाची मला तेवढी काळजी नव्हती.

त्यात एक बारीक अक्षरातली अट होती, की घरात राहणाऱ्याच माणसाने चोरी केली तर भरपाई मिळणार नाही. मी ती दोन्ही रूममेट्सना मोठ्याने वाचून दाखवली. एक नागपूरचा होता, एक कुडाळकडचा. नागपूरचा म्हणाला, "म्हणजे मी चोरला तर तुले काहीच भेटत नाही? मग नाही चोरत बे, तुझं नुकसान कायले करू." कुडाळचा नुसता हसला. तो मुळातच कमी बोलायचा, त्यामुळे त्याच्या वाटणीचंही मीच बोलायचो.

खरी गोची पुढच्या प्रश्नात होती. घरात कोण कोण राहतं आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय? इथे आमचं घोडं पेंड खाऊ लागलं, कारण आमचं नातं होतं आणि नव्हतंही. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेची, जुनी, बिनलिफ्टची, आणि तिथे बॅचलर चालत नव्हते, कुटुंब लागायचं. घरमालक स्वतः ठाण्याला राहायचे. चावी देताना त्यांनी युक्ती सांगितलेली, "मावसभाऊ आहोत म्हणून सांगा. मावसभावांची आडनावं वेगळीच असतात, कोण विचारतंय?"

आडनावाचं कुणी विचारलं नाही. पण समोरच्या दारातल्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठलं. "तुमच्या आया सख्ख्या बहिणी ना रे? मग तुम्ही तिघं तीन तऱ्हेचं कसं बोलता?" मी म्हटलं, "लग्नं लांब लांब झाली काकू." काकूंनी जरा विचार केला. "आजोबांनी मुली फारच लांब दिल्या," म्हणाल्या आणि हळहळल्या. त्या दिवसापासून आम्हा तिघांना मिळून एक कठोर आजोबा झाले.

हे खोटं उघडं पडलं की घर जाणार, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. शेवटचं वर्ष होतं, परीक्षा तोंडावर आलेली. सड्या पोरांना घर मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते आम्ही भोगून बसलेलो. विठ्ठलवाडीच्या एका मालकाने तर आम्ही अंडी उकडली म्हणून आमच्या गाद्या जिन्यात ठेवलेल्या. त्यामुळे इथे आम्ही भावांसारखे वागायचो, म्हणजे लोकांसमोर एकमेकांवर खेकसायचो आणि कचरा कुणी टाकायचा यावरून भांडायचो. ते मात्र नाटक नव्हतं.

आता गंमत अशी की या समोरच्या काकू सोसायटीच्या कमिटीवर होत्या आणि विम्याच्या एजंटही होत्या. मी बाल्कनीत उभा राहून वडिलांना बिल्ल्याबद्दल समजावत होतो, ते त्यांनी ऐकलं आणि सरळ दारातच आल्या. "अरे, समोर एजंट राहते आणि तू मोबाइलवर काय शोधतोस? तिघांची मिळून एक पॉलिसी करून टाकू. एक घर, एक कुटुंब."

मी म्हटलं, "काकू, मला माझ्या एकट्याच्या सामानाची हवी होती."

"भावाभावांत वेगळी पॉलिसी?" काकूंचा चेहराच पडला. "अजून लग्नं नाहीत झाली तुमची, आणि आत्ताच वाटण्या?"

झालं. खोटं नातं लिहून पॉलिसी घेतली तर वेळ आल्यावर कंपनी हात वर करणार, आणि खरं सांगितलं तर काकू कमिटीची मीटिंग लावणार. म्हणजे एकतर बिनबिल्ल्याची म्हैस किंवा बिनघराची म्हैस, एवढीच निवड उरलेली. माझ्यासारख्या अभ्यासू माणसाने अशा वेळी जे करायचं तेच मी केलं. "बघतो काकू," म्हटलं. काकू म्हणाल्या, "बघ सावकाश. पण घरचा एक नंबर देऊन ठेव, तू कॉलेजात असताना कंपनीकडून फोन आला तर?" मी आईचा नंबर दिला. त्यांनी तो माझ्यासमोरच मोबाइलमध्ये टाकला, आणि आपण काहीच कबूल न करता वेळ मारून नेली म्हणून मी खूश झालो.

मग एका सकाळी कुडाळच्याला घरून फोन आला. त्याची आजी गेली. आईची आई. त्याने फोन ठेवला, बॅग भरली. मी कॉलेजच्या कामात डोकं घालून बसलेलो. "सांभाळून जा रे," म्हटलं आणि परत स्क्रीनकडे वळलो. नागपूरचा अंघोळीला गेलेला. जाताना कुडाळच्याला जिन्यात काकू भेटल्या असणार, कारण दुपारी दाराची बेल वाजली तेव्हा त्या रडलेल्या डोळ्यांनी पिठलं-भात घेऊन उभ्या होत्या.

आत नागपूरचा मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून पोट धरून हसत होता.

"आजी गेली तुमची," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं हसताय?"

मला हिशोब लावायला थोडा वेळ लागला. त्याच्या आईची आई. आमच्या आया त्याच्या आईच्या सख्ख्या बहिणी. म्हणजे गेली ती आमचीही. एकच आजी, तिघांत. नागपूरच्याने व्हिडिओ बंद केला आणि इतकी मान खाली घातली की मला वाटलं हा आता खरंच रडतो.

"तो एकटा पुढे गेला? तुम्ही अजून निघाला नाहीत?"

"निघतोच आहोत काकू," मी म्हटलं. त्यांनी आम्हाला दोन दोन घास बळंच खायला लावले. जिने कधी आम्हाला पाहिलं नाही, जिला आम्ही कधी पाहिलं नाही, तिच्या नावाचं पिठलं घशाखाली उतरवताना मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. पण पिठलं चांगलं होतं. काकांनी स्वतः रिक्षा बोलावून आणली. आम्ही रिकाम्याच बॅगा खांद्याला लावल्या आणि आजीच्या अंत्यविधीला निघालो.

अंत्यविधीला म्हणजे ठाण्यातल्या माजिवड्याला. तिथे आमच्या वर्गातल्या एकाची खोली होती, हायवेला लागून. तिथे आम्ही लपलो. बंद घरात बिनविम्याचा कॉम्प्युटर एकटा, या काळजीने मला जेवण जाईना. आजी ज्याची गेली त्या मित्राची काळजी करावी असं मात्र डोक्यात आलं नाही. संध्याकाळी काकूंचा फोन आला, "कुठवर पोचलात?" मागे ट्रक कोकलत होते. "हायवेला आहोत काकू," मी म्हटलं. त्या दिवसभरात मी बोललेलं हे एवढंच खरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलतभावाच्या मोबाइलवरून आईचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती धापा टाकत होती. मग मागून दुसऱ्या बाईचा हसण्याचा आवाज यायला लागला, तो मी ओळखला. ती माझी आजी होती.

झालं होतं ते असं. काकूंना वाटलं, आपण एवढ्या शेजारी, बहिणींपैकी एकीला तरी दोन शब्द बोलावेत. नंबर त्यांच्याकडे होताच. त्यांनी आईला फोन लावला, "तुमच्या आई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. मुलं निघालीत, पोचतील." आईने कोण बोलतंय, कुठून बोलतंय, काही विचारलं नाही. फोन गोठ्यातच टाकला, चुलतभावाच्या गाडीवर मागे बसली आणि वाटभर रडत माहेरी गेली. गल्लीच्या तोंडाशी उतरली ती मोठ्याने आक्रोश करतच. आजी दारात हरभरा निवडत बसलेली. लेक असा टाहो फोडत येतेय म्हणजे कुणीतरी गेलं, हे तिने ओळखलं, आणि सूप बाजूला सारून तिनेही गळा काढला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून बराच वेळ रडल्या. मग आजीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "गेलं कोण गं?"

"तू," आई म्हणाली.

आजीला पहिला संशय वेगळाच आला. आमच्याकडे कुणाच्या डोक्याला कावळा शिवला तर त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी नातेवाइकांना धाडतात. ते रडले की संकट टळतं म्हणतात. "मला तर न्हाई शिवला," आजी म्हणत होती, "मग ही बातमी धाडली कुणी?"

मी धाडलेली. आईला मी सगळं सांगितलं, मावसभाऊ, काकू, पॉलिसी, कुडाळची आजी. मला वाटलं ती शिव्या घालेल. ती परत रडायला लागली. "गाडीवर बसल्यापास्नं तिला कवा कवा तोडून बोलले ते सगळं आठवलं रं मला, मेल्या," ती म्हणाली. मला इतकी लाज वाटली की माजिवड्याच्या त्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. विम्याच्या तक्त्याला रंग देणारा शहाणा मी तो हाच.

आजीने फोन ओढून घेतला. "खरं सांगितलं तर घर जाईल का रं तुझं?"

"जाईल आजी. परीक्षा आहे."

"मग सांगू दे हिला, गेली म्हणून. खोटी बातमी आली की आयुष्य वाढतंय."

आई कबूल होईना. जिवंत आई समोर बसलेली असताना असलं अभद्र मी बोलणार नाही, म्हणाली. आजीने तिला काय सांगितलं कोण जाणे, पण शेवटी आईने माझ्याकडून नंबर घेऊन काकूंना फोन केला आणि हो, गेली म्हणाली. समोर आजी मान डोलावत होती म्हणे. काकूंनी दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि आजीचं नाव विचारलं. आईने तिला ठाऊक असलेलं सांगितलं. घर वाचलं. मी नागपूरच्याला टाळी दिली.

लोकाचारापुरते दिवस काढून आम्ही डोंबिवलीला परतलो, तेव्हा नाव कशाला विचारलं होतं ते कळलं. जिन्याखाली सोसायटीचा फळा आहे, त्यावर एरवी पाण्याच्या वेळा असतात. त्या पुसून रंगीत खडूंनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं, कडेने झेंडूची फुलं काढलेली, आणि मधोमध माझ्या ठणठणीत जिवंत आजीचं नाव. नागपूरचा म्हणाला, "फुलं मस्त काढले बे." मी आजीला पाठवायला फोटो काढला. एक हललेला आला म्हणून दुसरा काढला.

तेवढ्यात फाटकातून कुडाळचा आला. खांद्याला बॅग, हातात कापडी पिशवी, दाढी वाढलेली. त्याने फळा वाचला. "ही कोण?" म्हणाला.

मग मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. माजिवड्याला चार जणांना सांगून सांगून ती चांगली घोटलेली झालेली, कुठे थांबायचं, आईचा आवाज कसा काढायचा, सगळं बसलेलं. 'गेलं कोण गं'पाशी नागपूरचा नेहमीसारखा खो-खो हसला. कुडाळचा ऐकून घेत होता. माझं संपल्यावर तो म्हणाला, "माझ्या आईला कोणाचाच फोन नाही आला. तुझ्या आईला आला."

त्याचा नंबर माझ्याकडे होता. त्याच्या आईचाही होता, एकदा तिने आंब्याची पेटी पाठवलेली तेव्हाचा.

त्याने बॅग खाली ठेवली. तळहाताने माझ्या आजीचं नाव पुसलं. फळ्याच्या कडेला खडूचा तुकडा होता, तो घेतला आणि त्या जागी दुसरं नाव लिहायला लागला. सावकाश, एकेक अक्षर. काकू भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या आणि थबकल्या. "अरे, हे काय करतोयस?"

"काकू, आजी माझी गेली," तो म्हणाला. "माझ्या एकट्याची. आम्ही भाऊ नाही आहोत."

आता घर गेलं, एवढं एकच माझ्या मनात आलं. त्याचा इतका राग आला मला. दोन महिने गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं याचं? आणि मी बोललोही. "काकू, ते काय झालं, विम्याच्या फॉर्मवर..."

काकूंनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांनी भाजीची पिशवी माझ्या हातात दिली, कुडाळच्याच्या दंडाला धरलं आणि त्याला वर घेऊन गेल्या. "तुम्ही दोघं इथंच थांबा," म्हणाल्या. थोड्या वेळाने वरून त्याच्या रडण्याचा आवाज आला. इतकी वर्षं एका खोलीत काढून तो रडताना कसा आवाज करतो ते मला माहीत नव्हतं. नागपूरच्याने मोबाइल खिशात टाकला आणि पायरीवर बसला.

बऱ्याच वेळाने काकू खाली आल्या. माझ्या हातातली पिशवी घेतली. "तुझी पॉलिसी तुझ्या एकट्याची करू. नात्याच्या जागी काही लिहायचं नाही," म्हणाल्या. "तुम्ही भाऊ आहात म्हणून कमिटीत शब्द मी टाकलेला. आता खरं काय तेही मीच सांगणार."

"घर, काकू?"

"ते कमिटी ठरवेल." कमिटीने पुढे ठरवलं ते असं, की परीक्षा होईपर्यंत राहा, नंतर एक दिवसही नाही. पण तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घराचं विचारून झाल्यावर माझी मलाच शिसारी आली.

"वर मी त्याच्यापुरता भात टाकलाय," काकू जिना चढता चढता म्हणाल्या. "तुमच्या आज्या आहेत ना? मग तुम्ही बाहेर खाऊन या."

आम्ही निघालो. फळ्यापाशी दोघेही थांबलो. फुलांच्या मधोमध नवं नाव होतं, बाजूला त्याच्या तळहाताचे फराटे. ही बाई नातवाबरोबर कुळथाचं पीठ पाठवायची आणि त्याची पिठी सगळ्यांत जास्त मीच ओरपायचो, वर अजून आण रे म्हणायचो. तिचं नाव काय ते मी त्या दिवशी फळ्यावर वाचलं.